अजिंक्य कोणाला म्हणायचं?

प्रश्न असा आहे : ‘१९७४ साली अमेरिकेतल्या वर्ल्ड फुटबॉल लीग या अमेरिकन फुटबॉलच्या स्पर्धेत बर्मिंगहॅम अमेरिकन्स अजिंक्य ठरला असं लिहायचं, की ठरले? संघ एकवचनी, नाव अनेकवचनी.’

वचनाचं नंतर पाहू. आधी त्या वाक्यातून ‘अजिंक्य’ काढा. क्रीडापानावर रोज कोणीतरी अजिंक्य ठरलेला असतो आणि खाली त्याच बातमीत त्याचे पराभव मोजलेले असतात. हा संघ साखळीतल्या २० सामन्यांपैकी ५ हरला होता. ५ डिसेंबरचा अंतिम सामना घरच्याच मैदानावर, लीजन फील्डवर होता. फ्लोरिडा ब्लेझर्सवर २२-० अशी आघाडी घेतली आणि शेवटी जिंकले २२-२१. त्या लीगमध्ये टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याला, ७ गुण, त्यावर ‘ॲक्शन पॉइंट’ म्हणून आणखी १ गुण मिळवायची संधी. टचडाउन दोघांचेही तीन-तीन. जादा गुण बर्मिंगहॅमला एकदा साधला, फ्लोरिडाला एकदाही नाही. हा विजय झाला आणि चुरशीचा झाला. पण अजिंक्यपण याला म्हणत नाहीत.

आता शब्दाकडे या. पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’. जे जिंकता येणं शक्य आहे ते ‘जय्य’, जे जिंकायला हवं ते ‘जेय’. एका ‘य’काराच्या द्वित्वावर केवढा अर्थ तोलून धरलाय! म्हणजे कोणालाही जिंकता येणार नाही तो ‘अजय्य’. मराठीने हाच ‘य’ उचलला आणि थेट आपल्या ‘जिंक’ला लावला. पुढे ‘अ’, मागे ‘य’, मधे अस्सल देशी धातू. संस्कृतात असा शब्द शोधून सापडायचा नाही. काही शुद्धिवादी मंडळी याला भेसळ म्हणतात आणि ‘अजेय’ लिहा असं बजावतात. त्यांनी हेच सूत्र पुन्हा वाचावं. पाणिनीच्या काट्यावर त्यांचा ‘अजेय’च हलका भरतो. संस्कृत ग्रंथांत तो ‘जिंकता न येणारा’ याच अर्थाने सर्रास येतो, हे मान्य. मग ती सैल सूट संस्कृतला आणि सोवळं फक्त मराठीला, हा कुठला न्याय?

‘जिंक’मधला ‘क’ आला कुठून? जुन्या मराठीत ‘जिंतणे’ही आहे, त्यातला ‘त’ सरळ ‘जित’मधला दिसतो. माझं मत असं की प्राकृतात ‘चुक्क’, ‘थक्क’ अशी जी द्वित्त ‘क्क’ची क्रियापदं आहेत, ज्यांतून आपले चुकणे, थकणे आले, त्यांच्या ओढीने जिंकणे या अर्थाच्या प्राकृत ‘जिण’लाही ‘क’ चिकटला. चुकणे, थकणे, जिंकणे ओळीने म्हणून पाहा, एकाच घरातली भावंडं वाटतात.

साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने १७०० साली घेतला आणि त्याला आझमतारा म्हटलं. मराठ्यांनी तो परत मिळवल्यावर नाव ठेवलं अजिंक्यतारा. किल्ला पडलेला साऱ्यांनी पाहिला होता, तरीही. ते नाव म्हणजे पुढच्या काळासाठी केलेला निर्धार होता. ‘य’ शक्यतेबद्दल, पुढच्याबद्दल बोलतो. ‘ठरला’ मात्र होऊन गेलेलं सांगतो. म्हणून बातमीत ‘अजिंक्य ठरला’ ही जोडी जुळत नाही.

चॅम्पियनचं भाषांतर म्हणून हा शब्द आणला म्हणाल, तर चॅम्पियनच्या मुळाशी लॅटिन ‘कॅम्पुस’ आहे, म्हणजे मैदान. मैदानात उतरून लढणारा तो. कधीच न हरणारा, असा दावा त्यातही नाही. ‘अजिंक्यपद’ आता इतकं रुळलंय की ते निघणार नाही, पण ‘विजेतेपद’ हाताशी असताना मी ते लिहीत नाही.

बर्मिंगहॅमला तर ‘गतविजेता’ हा साधा शब्दसुद्धा लाभला नाही. पगार थकलेले होते, तसे खेळाच्या सामानाचे पैसेही. सामना संपताच शेरिफची माणसं आली आणि खेळाडूंचे गणवेश जप्त करून घेऊन गेली. पुढच्या हंगामात शहराचा संघ होता व्हल्कन्स, अमेरिकन्स नव्हे. आणि ती लीगच ऑक्टोबर १९७५ मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून बंद पडली.

वचनाचं : ‘अमेरिकन्स विजेते ठरले’ किंवा ‘अमेरिकन्स हा संघ विजेता ठरला’. दोन्ही चालतं.