वाचकांचे प्रश्न : रोलबॅक झाला, फाइल मात्र तशीच

प्रश्न : आमच्या ईजेबीतली (सर्व्हरवर चालणारा जावाचा घटक, म्हणजेच ‘बीन’) एक मेथड टेबलमध्ये ऑर्डर नोंदवते आणि गोदामासाठी सीएसव्ही फाइल लिहिते. कधी एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी चूक) आलं की नोंद रद्द होते, म्हणजे रोलबॅक होतो, पण फाइल राहते आणि गोदामातून माल निघून जातो. मुळात बीनमध्ये फाइलला हात लावायचाच नसतो, असं एक सहकारी म्हणतो. खरं काय?

उत्तर : सहकारी म्हणतो तो नियम जुना आहे. बीनने जावा.आयओ (फाइल वाचण्या-लिहिण्याचं पॅकेज) वापरून फाइल सिस्टिमकडे जाऊ नये, असं ईजेबीच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. 2013च्या ईजेबी 3.2 मध्ये ती बंदी काढली. त्यामागचं कारण मात्र अजून जिथल्या तिथे आहे. ट्रान्झॅक्शन मॅनेजरला (सगळे बदल एकत्र पक्के किंवा रद्द करणाऱ्या भागाला) डेटाबेस कळतो, जेएमएसची (जावातल्या संदेशांची) रांग कळते. साधी फाइल कळत नाही.

कॅच ब्लॉकमध्ये (एक्सेप्शन हाताळणाऱ्या कोडमध्ये) फाइल डिलीट करून भागेल असं वाटतं, पण भागत नाही. कंटेनर (बीन चालवणारा सर्व्हरचा भाग) कमिट करतो, म्हणजे बदल पक्के करतो, ते मेथड संपल्यावर. कमिटच फसलं, तर तुमचा कॅच तोवर मागे पडलेला असतो.

म्हणून ऑर्डरच्या ओळीतच ‘फाइल बाकी’ अशी खूण ठेवा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. फाइल लिहायचं काम टायमरवर, समजा दर मिनिटाला, वेगळ्या मेथडकडे द्या. तिने बाकी ओळी लॉक करून वाचाव्यात, नाहीतर क्लस्टरमधले (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातले) दोन सर्व्हर एकच ऑर्डर लिहितील. फाइल पूर्ण झाली की मगच खूण बदला. या दोन पायऱ्यांच्या मध्ये सर्व्हर बंद पडला, तर तीच फाइल पुन्हा लिहिली जाईल. म्हणून नावात तारीख-वेळ न घालता ऑर्डर क्रमांक घाला आणि आलेला क्रमांक पुन्हा घ्यायचा नाही, हे गोदामाच्या प्रोग्रामला शिकवा.

लिहिताना नावाला ‘.पार्ट’ जोडा, फाइल बंद करा आणि मग फाइल्स.मूव्हला ॲटॉमिक मूव्हचा (एका झटक्यात हलवण्याचा) पर्याय देऊन खरं नाव द्या; म्हणजे अर्धी फाइल कुणी उचलणार नाही. ‘.पार्ट’ फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. टेम्प फोल्डर वेगळ्या डिस्कवर असेल, तर तिथून असं हलवताना एक्सेप्शन येतं.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर ठीक दिसणारी मराठी नावं सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ‘????’ अशी येतात.

उत्तर : जावाच्या फाइलरायटरला कॅरेक्टर सेट (अक्षरांचे बाइट कसे करायचे तो तक्ता) सांगितला नसेल, तर जावा 18 च्या आधी तो मशीनच्या सेटिंगवरून ठरतो. लिनक्सवर सर्व्हिस म्हणून सुरू झालेल्या सर्व्हरचं लोकेल (भाषेचं सेटिंग) पुष्कळदा ‘सी’ असतं, आणि त्यात देवनागरी बसत नाही. फाइल्स.न्यूबफर्डरायटर वापरा आणि कॅरेक्टर सेट म्हणून यूटीएफ-8 स्पष्ट लिहा. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. फाइल डेटाबेसवरूनच पुन्हा काढावी लागेल. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, तेव्हा समोरच्या सिस्टिमला ठरावीक बाइटांचे रकाने हवे असतील तर आधीच विचारून घ्या.

प्रश्न : जारमधली (जावाचा कोड एकत्र बांधलेल्या फाइलमधली) टेम्प्लेट फाइल ‘सापडत नाही’ असा एरर येतो.

उत्तर : जारमधली फाइल डिस्कवर सुटी नसते, त्यामुळे फाइलइनपुटस्ट्रीमला ती दिसत नाही. ती गेटरिसोर्सॲजस्ट्रीमने वाचा आणि ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपल्यावर आपोआप बंद करणाऱ्या रचनेत) बंद करा. बाहेरच्या फोल्डरचा पाथ कोडमध्ये नको, एन्व्ह-एंट्रीत (बीनच्या कॉन्फिगरेशनमधल्या नोंदीत) पूर्ण द्या. सापेक्ष पाथचा अर्थ सर्व्हर कुठल्या फोल्डरमधून सुरू केला त्यावर बदलतो.