गढूळ ग्लास आणि उभा नारळ
वाचकांचे प्रश्न

पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकायला आलेल्या माणसाने दोन ग्लासांत सळ्यांचं उपकरण बुडवून वीज सुरू केली. नळाचं पाणी दोन मिनिटांत तपकिरी चिखलासारखं झालं, आरओचं जवळपास तसंच राहिलं. "हे तुम्ही रोज पिता," असं तो म्हणाला. आमच्याकडे पालिकेचं पाणी येतं. यंत्र घ्यावं का? (एक वाचक, चिंचवड)

तो चिखल तुमच्या नळातला नाही, उपकरणाच्या सळ्यांचा आहे. प्रत्येक जोडीत एक सळई लोखंडाची असते आणि वीज सुरू होताच ती विरघळू लागते. विरघळलेलं लोखंड आधी हिरवट आणि मग हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी गाळ होऊन दिसतं. यासाठी पाण्यातून वीज वाहावी लागते आणि ती वाहते विरघळलेल्या क्षारांमुळे. आरओने क्षार जवळजवळ काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे सळई विरघळत नाही. या प्रयोगातून एवढंच कळतं की एका पाण्यात क्षार जास्त आणि दुसऱ्यात कमी आहेत. जंतू, कीटकनाशकं, नायट्रेट यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

घरी पडताळून पाहा, पण विक्रेत्यासारखं भिंतीतल्या विजेवर नको. 230 व्होल्टशी पाण्यात खेळ जिवावर बेतू शकतो. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायर आणि दोन साधे लोखंडी खिळे पुरतात. खिळ्यांवर जस्ताचा चकचकीत मुलामा नको, नाहीतर पांढरा गाळ येऊन गोंधळ होईल. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एका ग्लासात साधारण 200 मिली घ्या. खिळे दोन सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांना न टेकता बुडवा. टेकले तर बॅटरी तापते. अर्ध्या तासात दिसण्यासारखं काही होणार नाही. आता त्याच पाण्यात पाव चमचा मीठ टाका. दहा मिनिटांत गाळ दिसू लागेल. पाणी तेच, फक्त मीठ वाढलं. विक्रेत्याला आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगितलंत तरी हेच दिसेल. बहुतेकदा तो त्याआधीच सामान आवरू लागेल. नळाच्या पाण्यात 9 व्होल्टवर अर्धा तासही लागू शकतो, कारण विक्रेत्याच्या उपकरणातला विजेचा दाब (व्होल्ट) कितीतरी जास्त असतो. प्रयोग खिडकी उघडी ठेवून करा आणि ते पाणी ओतून द्या.

पेनासारखं टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरही याच जातीचं. ते पाण्याची वीजवाहकता मोजतं आणि ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. पण 80 आकडा दाखवणाऱ्या पाण्यातही कॉलऱ्याचे जंतू असू शकतात आणि मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून पालिकेचं, धरणातून येणारं पाणी असेल तर आधी जंतूंचं बघा. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरतं का, हे विचारा. गावात पाण्याची देखरेख करणारे जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करतात, ती क्लोरीन उरलं का हेच पाहते. उरलेलं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. शंका असेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळा. वीस मिनिटं उकळून गॅस जाळण्याची गरज नाही.

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी ही वेगळी गोष्ट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे, आणि शेतीच्या पट्ट्यात नायट्रेट (मर्यादा 45 मिलिग्रॅम) वाढतं. ही दोन्ही उकळून जात नाहीत; पाणी आटलं की उलट दाट होतात. तिथे आरओचा खरा उपयोग आहे, पण रासायनिक तपासणीनंतर. त्यासाठी स्वच्छ कॅनमध्ये दोन लिटर पाणी न्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. क्लोरीन निष्प्रभ करायला तिच्यात आधीच थोडं औषध असतं, ती धुऊ नका. नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा, बर्फात ठेवा आणि 24 तासांच्या आत पोहोचवा. घरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिलेल्या नमुन्याच्या अहवालाला अर्थ नसतो.

पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. नारळ खरंच उभा राहिला. शेजारच्या तिघांना त्याने सांगितलेल्या जागी पाणी लागलं. बोअरवेलचा खर्च मोठा आहे, काय करावं? (एक शेतकरी, पारनेर)

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ मुळातच डळमळीत असतो. हाताचा कोन किंचित बदलला तरी तो कलंडतो किंवा उभा होतो. माणसाला आपण हात हलवल्याचं जाणवतही नाही. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कारपेंटर यांनी 1852 मध्ये अशा नकळत होणाऱ्या हालचालींचं वर्णन केलं. म्हणजे पाणाड्या खोटारडाच असेल असं नाही. तो स्वतःही मनापासून मानत असतो.

शेजारच्या तिघांना पाणी लागलं, हे मी नाकारत नाही. पण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगाळलेल्या खडकात अनेक ठिकाणी थोडंफार पाणी असतंच. पाणाड्याने न दाखवलेल्या जागी खोदलेल्या बोअरना किती वेळा लागलं? आणि त्याने दाखवलेल्या जागी कोरड्या गेलेल्या बोअर किती? पाणी लागलं की गावभर होतं, कोरडी गेलेली बोअर कोणी सांगत बसत नाही. दोन्ही आकडे हातात नसतील तर 'तिघांना लागलं' यावरून काहीच ठरत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर एकरभर शेतात त्याला पाच जागा दाखवायला सांगा. प्रत्येक जागेचं बांधापासूनचं अंतर टेपने मोजून लिहा (फोनचं जीपीएस काही मीटर चुकतं, त्यावर विसंबू नका) आणि खुणा पुसा. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, शेतात आडवंतिडवं फिरवून पुन्हा पाच जागा सांगायला सांगा. त्याचा हात धरणाऱ्यालाही पहिल्या जागा ठाऊक नसाव्यात, नाहीतर तोच नकळत इशारा देतो. ही अट लोक हमखास विसरतात. दोन्ही वेळच्या जागा जुळतात का पाहा. जर्मनीत म्युनिकजवळ 1980 च्या दशकाच्या अखेरीस कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप हलवून वरच्या मजल्यावर पाणाड्यांची अशी चाचणी झाली. सुमारे 500 जणांतून निवडलेल्या 43 जणांच्या 843 फेऱ्या झाल्या. नंतरच्या विश्लेषणात निकाल नशिबावर सोडल्यासारखेच निघाले.

पैसे घालण्याआधी आसपासच्या दहा-बारा विहिरी-बोअरची खोली, मे महिन्यातली पातळी आणि मोटार किती वेळ चालते हे वहीत उतरवा. ही यादी नारळापेक्षा कितीतरी उपयोगाची. मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. विद्युतरोधकता सर्वेक्षणात जमिनीत चार सळ्या ठोकून बाहेरच्या दोनांतून वीज सोडतात आणि आतल्या दोनांत विजेचा दाब मोजतात. त्यावरून जमीन विजेला किती अडवते, म्हणजे तिचा रोध, कळतो; पाणी असेल तिथे तो कमी. यंत्रही फसतं: ओली चिकणमाती पाण्यासारखाच कमी रोध दाखवते. म्हणून एकाच जागेचा आकडा नको, दोन-तीन जागांचे घ्या आणि शेजारच्या विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहा. पाण्याची हमी देणारा कोणीही, यंत्रवाला असो वा नारळवाला, टाळा.

शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळात वेगळे, पाण्यावर तरंगणारे दाणे दिसतात. पालक म्हणतात हा प्लास्टिकचा तांदूळ. (शिक्षिका, सुरगाणा)

ते पोषणयुक्त दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. साच्यातून आल्यामुळे रंग किंचित वेगळा दिसतो आणि काही तरंगतात.

पालकांसमोरच दाखवा. वेगळे दाणे वेचून वाटीत कोमट पाण्यात भिजवा, वर टिंक्चर आयोडीनचे एक-दोन थेंब टाका. पिठूळ पदार्थ निळाकाळा होतो, प्लास्टिकचा रंग बदलत नाही. शेजारी खरंच प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवून त्यावरही थेंब टाका, नाहीतर 'आयोडीनने सगळंच काळं होतं' असा आक्षेप येईल, आणि तो योग्यच असेल. भाताचा गोळा उसळतो हा पुरावा नाही. शिजलेला स्टार्च चिकट आणि लवचीक असतोच.

तांदूळ धुताना हे हलके दाणे ओतून जातात, तेव्हा फार रगडून आणि अनेक पाण्यांत धुऊ नका. ज्या मुलांना थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे, त्यांच्या पालकांनी या तांदळाबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.