बस्ती, वसही आणि वस्तीची गाडी

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय : "शेजाऱ्यांबरोबर गिरनार-पालिताण्याला निघालोय. तिथं 'टूंक' म्हणतात ते नेमकं काय? आणि आपल्या बांदिवड्याच्या जैन बस्तीला शुद्ध मराठीत 'जैन वस्ती' लिहिलं तर चालेल ना?"

टूंक म्हणजे शिखर. गिरनारला टूंका चढत्या क्रमानं मोजतात. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगरावर मात्र तटबंदीच्या आतल्या देवळांच्या आवारालाच टूंक म्हणतात. तशा नऊ आहेत. झालं.

आता वस्ती. नाही चालणार, ताई! हे 'शुद्ध' करणं ऐकून ऐकून कान किटले. गेल्या वर्षी पुण्याच्या पाहुण्यांना बांदिवड्याला नेलं. गवतात उभ्या चिऱ्यांच्या भिंती पाहून त्यांचा पहिला प्रश्न, "किती घरं होती हो इथं?" घरं कुठली? नेमिनाथाचं देऊळ ते! तिकडं गिरनारवर ज्याच्या दर्शनाला तुम्ही निघालात, तोच नेमिनाथ.

'बस्ती' हिंदी, म्हणून 'वस्ती' करा, असं सांगणाऱ्यांना घाटापलीकडचं कानडी दिसतच नाही. संस्कृत 'वसति'. कानडीनं 'व'चा 'ब' केला, वनाचं बन केलं तसा (बनशंकरी आठवा). झालं 'बसदि'. मूडबिद्रीची हजार खांबांची ती बसदीच. तिचंच आखडून बस्ती. कोल्हापूर-सांगलीकडचे जैन आजही देवळाला बस्तीच म्हणतात. त्यांना जाऊन सांगा शुद्ध करायला.

पण खरी गंमत गुजरातेत. तिथं याच वसतीची 'वसही' झाली. अबूवर विमलशहानं 1031 मध्ये बांधलेली विमलवसही, आणि तिच्याशेजारी वस्तुपाल-तेजपाल या भावांची लूणवसही. 'त'चा 'ह' कसा? जैन आचार्य हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृत व्याकरण लिहिताना असे पाच शब्द एका सूत्रात बांधले : वितस्ति, वसति, भरत, कातर, मातुलिंग. म्हणून भरताचा भरह, वसतीची वसही. यातली वितस्ति म्हणजे आपली वीत, आणि मातुलिंग म्हणजे महाळुंग, लिंबाच्या जातीचं ते फळ, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं! महाळुंगातला 'ह' आणि विमलवसहीतला 'ह' सख्खे भाऊ. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी जेवायला उठलो नव्हतो.

आणि अर्थ? वसति म्हणजे नुसती घरं नव्हेत, रात्रीचा मुक्काम. संस्कृतात वसति म्हणजे चक्क रात्रसुद्धा. गावात संध्याकाळी येऊन पहाटे सुटणारी ती 'वस्तीची गाडी', तिच्यातली वस्ती हीच. जैन साधूंच्या उतरण्याच्या जागेलाही वसतिच म्हणत. आता पाहा, शत्रुंजयावर रात्री माणसानं राहायचं नाही, अशी रीत. साडेतीन हजारांवर पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं आणि दिवस बुडायच्या आत खाली उतरायचं, पुजारीसुद्धा. देवळाला नाव मुक्कामाचं आणि मुक्कामाला एकटे देव!

जाता जाता आमच्या गोव्याच्या बार्देशातलं बस्तोडा गाव. बेळगावजवळ बस्तवाड आहे, शिरोळ तालुक्यातही आहे. बस्तीचा वाडा तो बस्तवाड, आणि बस्तवाडाचा बस्तोडा, असं माझं ठाम मत. एक विद्वान गृहस्थ मात्र भर सभेत म्हणाले, संस्कृतात 'बस्त' म्हणजे बोकड, तेव्हा बोकडांचा वाडा. कोशात बस्त आहे, नाकारत नाही. बस्तोड्यात मी जैन देवळाचा एक चिरा दाखवू शकत नाही, हेही कबूल. पण त्यांनी तरी बोकड कुठं दाखवलाय?