ऊसाचा पाला पेटवतात तेव्हा दम्याच्या माणसानं काय करावं?

तुम्ही विचारलंय की चिकोडीकडं ऊसतोडीच्या दिवसांत फडाला आग लावली की आईंचा दमा वाढतो, तोंडाला ओला रुमाल पुरतो का? नाही पुरत. वाळत घातलेल्या धोतरावर पडते ती काळी काजळी दिसते तरी. तिचा त्रास नाका-घशापुरता. खरा घात न दिसणारे कण करतात. 2.5 मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पट लहान. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून धुरानं दम्याबरोबर हृदयविकाराचाही धोका वाढतो. रुमालातून ते आरामात जातात. एन-95 मास्क घ्या, नाकाजवळ फट न ठेवता.

थंडीत पहाटे धूर जमिनीलगतच साचतो, तेव्हा आईंचं फिरणं ऊन चढल्यावर ठेवा. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या तेवढा वेळ लावा. आणि हो, न्हाणीघरातला बंब चिपाडांवर पेटत असेल तर आधी तो बंद करा. बाहेरच्या फडाला नावं ठेवून घरातच धूर करायचा, हे आमच्याकडंही वर्षानुवर्षं चाललं होतं. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर उशाशीच असू दे. धाप लागून बोलता येईना, ओठ निळसर झाले, तर वाट न बघता दवाखाना गाठा.