मिनिएचरमधे 'मिनी' नाही, शेंदूर आहे

प्रश्न असा आलाय की मध्ययुगीन युरोपातल्या 'इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्ट'ला, म्हणजे रंगांनी-सोन्याने सजवलेल्या हाताने लिहिलेल्या पुस्तकाला, मराठीत 'सचित्र हस्तलिखित' म्हटलं तर चालेल का, आणि त्यातल्या चित्रांना मिनिएचर म्हणजे लघुचित्र का म्हणतात, काही तर अख्खं पान व्यापतात.

दुसरा प्रश्न आधी घेतो, त्यात मजा जास्त आहे. मिनिएचरचा लहानपणाशी मुळात काही संबंधच नाही. लॅटिनमधे 'मिनियम' म्हणजे शेंदूर. हो तोच, मारुतीला लावतात तो, शिशापासून केलेला नारिंगी-लाल रंग. (रोमन लेखक प्लिनीच्या काळात हा शब्द हिंगुळाला, म्हणजे पाऱ्यापासूनच्या लाल रंगाला, वापरायचे, पण हिंगूळ महाग, मग त्यात शेंदराची भेसळ सुरू झाली आणि पुढे नाव शेंदरालाच चिकटलं.) त्यावरून 'मिनियारे' म्हणजे शेंदराने रंगवणं. मजकूर काळ्या-तपकिरी शाईत लिहून झाला की मथळे आणि प्रकरणाचं पहिलं अक्षर लाल रंगात काढायचे, ते काम करणारा तो 'मिनियेटर'. ब्रिटिश लायब्ररीतली साधारण इ.स. 700 च्या सुमाराची लिंडिसफार्न गॉस्पेल्स ही बायबलमधल्या शुभवर्तमानांची पोथी बघा, मोठ्या अक्षरांभोवती शेंदराचे बारीक बारीक ठिपके, एकेका पानावर हजारोंनी, कसं केलं असेल देव जाणे. मग ती अक्षरं फुगत गेली, त्यांच्या पोटात वेली, साप, संत, राजे शिरले, आणि इटालियनमधे या सगळ्या चित्रकामालाच 'मिनियातुरा' म्हणायला लागले. चित्रात निळा आणि सोनेरीच जास्त असला तरी नाव शेंदराचं. म्हणून तर तेराव्या शतकात बोहेमियात (आताच्या चेक प्रजासत्ताकात) तयार झालेल्या आणि आता स्टॉकहोमला असलेल्या कोडेक्स गिगास या अवाढव्य पोथीतला सैतान जवळजवळ अर्धा मीटर उंच असूनही व्याख्येने मिनिएचरच.

'लहान' हा अर्थ नंतर घुसला. एकतर मायनर, मिनिमम या शब्दांशी कानाला साम्य, आणि दुसरं म्हणजे पुस्तकातली चित्रं भिंतीवरच्या चित्रांपेक्षा लहान असायचीच. गंमत म्हणजे इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारी निकोलस हिलियर्ड जी तळहाताएवढी व्यक्तिचित्रं काढायचा (पातळ कातडं पत्त्याच्या पानावर चिकटवून त्यावर!) त्यांना तेव्हा 'लिमनिंग' म्हणत, आणि तो शब्द मूळचा 'इल्युमिनेट'च्या घराण्यातला. आपलं 'लघुचित्र' हे या घसरलेल्या अर्थाचं भाषांतर आहे, मुघल-पहाडी चित्रांना ते आता इतकं रुळलंय की हलवायला जाऊ नये, पण युरोपातल्या पानभर चित्राला लघुचित्र म्हणणं विचित्रच वाटतं. मी तरी 'पोथीचित्र' म्हणेन.

आता इल्युमिनेटेड. यात 'उजळणं' आहे आणि ते उजळणं सोन्याचं. काटेकोर अर्थाने सोनं किंवा चांदी वापरली असेल तरच इल्युमिनेटेड, नुसतं चित्र असून भागत नाही. नवव्या शतकातली युट्रेख्ट साल्टर ही बायबलमधल्या स्तोत्रांची पोथी चित्रांनी गच्च भरलीये पण ती सगळी तपकिरी शाईतली रेखाटनं. उलट एखाद्या पोथीत एकही चित्र नाही, फक्त सोन्याची अक्षरं, तरी ती इल्युमिनेटेड. म्हणून 'सचित्र' पुरत नाही. सोनं लावायची पद्धतही बघण्यासारखी: आधी प्लास्टर, सरस आणि थोडी साखर किंवा मध यांचा लेप द्यायचा म्हणजे जागा जरा फुगीर होते, मग त्यावर तोंडाने वाफ सोडायची, ओल आली की वर्ख बसवायचा आणि कुत्र्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचा. पान हललं की प्रकाश खेळतो, नावाचा अर्थ तिथे कळतो. पॅरिसात या कलेला 'उजळणं' म्हणतात असं इटालियन कवी दान्तेनेही चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय.

पण व्यवहारात ही व्याख्या सैल आहे. डब्लिनचं बुक ऑफ केल्स, साधारण इ.स. 800 चं, सगळ्यात प्रसिद्ध इल्युमिनेटेड पुस्तक, आणि त्यात सोनं नाहीच! तो पिवळा झळाळ हरताळ नावाच्या पिवळ्या खनिज रंगाचा. आपल्याकडे पोथीत चूक झाली की लेखनिक तिच्यावर हाच हरताळ फासून अक्षर बुजवायचे, 'तत्त्वांना हरताळ फासला' तिथूनच आलंय. तिकडे सजवायला, इकडे पुसायला.

त्यामुळे 'सुवर्णांकित' म्हणावं तर केल्स बाहेर पडतं, 'प्रकाशित हस्तलिखित' म्हणावं तर लोक विचारतील कुठल्या प्रकाशनाने काढलं. मी 'अलंकृत हस्तलिखित' वापरतो, आणि जिथे खरंच वर्ख आहे तिथे 'सोन्याने उजळलेली पोथी' असं सरळ लिहितो, लांब झालं तरी चालतं.