पोचा राहिला तरी चालेल, दांड्याला गॅस लावू देऊ नका

धुळ्याच्या भाऊंनी विचारलंय की वडिलांच्या जुन्या सायकलच्या वरच्या दांड्यावर दुधाचा कॅन आदळून दोन पोचे पडलेत. वर्कशॉपवाला म्हणतोय, "गॅसने तापवून ओढून काढतो, वरून पावडर कोटिंग मारून देतो." द्यावी का त्याच्याकडे?

भाऊ, देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण सायकल तिथे ठेवली असेल तर आजच घरी घेऊन या.

तुमच्या फोटोत दोन्ही पोचे दांड्याच्या मध्यावर आहेत, गोलसर आहेत, कडेला घडी पडलेली नाही. असल्या पोच्याने लोखंडी फ्रेम मोडत नाही. दूधवाल्यांच्या सायकली बघा, दांडे चेपलेले असतात आणि वर्षानुवर्षं चाळीस-चाळीस लिटर ओढत असतात. फक्त एक बघून घ्या. हँडलच्या पाइपाला जिथे तिरपा दांडा येऊन मिळतो, तिथे खालच्या अंगाला बोट फिरवा. तिथे सुरकुती लागली किंवा रंगाला आडवी चीर दिसली, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे आणि मग विषय पोच्याचा राहत नाही. पोचा सांध्याला चिकटून असेल किंवा त्याला धारदार घडी असेल, तरी मी पुढे लिहिलेलं लागू नाही. आणि हे मी फोटो बघून सांगतोय, फ्रेमवर हात न फिरवता.

आता गॅसला एवढा विरोध का, ते सांगतो. माझे काका भुसावळला रेल्वेत होते, त्यांची रॅले कंपनीची सायकल होती. दांड्यावर चिंचोक्याएवढा एक पोचा. रंग उडाला होता म्हणून जळगावकडच्या एका वर्कशॉपात दिली. नाव घेत नाही. स्पष्ट सांगितलं होतं की पोचा भरा आणि रंग द्या, बाकी हात लावू नका. परत आली तेव्हा सायकल आरशासारखी चमकत होती, पोच्याचा मागमूस नाही. घरात सगळे खूश.

पावसाळा सरला आणि त्याच जागी रंग फुगला. नखाने टोकरला तर पुट्टीचा पापुद्रा अख्खा निघून आला. खाली दांडा गोल राहिलेलाच नव्हता. पट्टीसारखा सपाट भाग, त्यावर ग्राइंडरचे ओरखडे, आजूबाजूला तापवल्याचा निळसर-जांभळा डाग आणि एका टोकाला पितळेचा ठिपका. म्हणजे काय केलं होतं, ते उघड होतं. गॅसने पितळी झाळ देऊन सळई चिकटवली, ती ओढली, पोचा निघेना म्हणून सळई तोडली आणि उरलेलं पितळ ग्राइंडरने घासताना दांडाही घासला. सपाट भागाच्या मधोमध टाचणीचं टोक जाईल एवढं भोक पडलेलं होतं.

जाब विचारला तर उत्तर आलं, "सायकल जुनी, पाइप आतून सडलेला असेल." पावती दाखवली तर तिच्यावर फक्त "कलर काम" लिहिलेलं. दोन-तीनदा गेलो, दरवेळी मालक बाहेरगावी. शेवटी दुसरीकडे सांधे उघडून दांडाच बदलावा लागला आणि काकांच्या वेळची मूळ अक्षरं कायमची गेली. दांडा मिळाला, ती अक्षरं कुठून आणू? म्हणून सांगतो, सायकल कुणाच्याही हातात देताना काय करायचं आणि काय करायचं नाही, दोन्ही पावतीवर लिहून घ्या.

यात मुळातच समजून घ्यायची गोष्ट अशी की मोटारीच्या पत्र्याला चालतं ते बारीक नळीला चालत नाही. रेनॉल्ड्स ५३१ सारख्या चांगल्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, मध्ये भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पोचा नेमका मध्येच पडतो. तुमच्या सायकलची साधी नळी याहून जाड असणार, पण म्हणून ग्राइंडर झेपेल असं नाही. लायटरने तापवून बर्फ लावायचे व्हिडिओ फिरतात, त्यात वेळ घालवू नका. चिकटवून ओढायचे रबरी कप इतक्या अरुंद गोलाईवर धरतच नाहीत.

मग काय करायचं? दांड्यावर लांबीच्या दिशेने स्टीलची पट्टी धरा आणि उजेडाकडे बघा. पोच्याच्या दोन्ही बाजूंना धातू थोडा वर आलेला दिसेल, पट्टी त्यावर डुलेल. काम त्या उंचवट्यांवर करायचं, खड्ड्यावर नाही. सागवान किंवा बाभळीचा वाळलेला ठोकळा घ्या, त्याला दांड्याच्या मापाचं आरपार भोक पाडा आणि मग भोकाच्या मधून करवतीने दोन तुकडे करा. क्रम हाच ठेवा. करवतीच्या पात्याएवढं लाकूड जातं म्हणूनच दोन भाग दांडा आवळू शकतात. आधी कापून मग भोक पाडलं तर ते आवळत नाहीत.

माप व्हर्नियरने घ्या, रंग खरवडून. जुन्या सायकलींचा वरचा दांडा बहुधा एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर. सुताराने "पंचवीसचं चालेल" म्हटलं तरी ऐकू नका, कडा दांड्यात रुततात आणि नवी खूण पडते.

ठोकळ्यात ग्रीस लावा, दांड्यावर बसवून व्हाइसमध्ये हलकेच धरा. सुरुवात चांगल्या भागावरून. फ्रेम थोडी फिरवा, थोडी सरकवा आणि असं करत पोच्यावर या. किंचित आवळा, पुन्हा तेच. उंचवटे बसले की खड्डा निम्म्याहून उथळ होतो. पूर्ण जात नाही, आणि जावा म्हणून जोरही लावू नका. जोर लावला की दांडा अंडाकृती होतो.

उरलेल्या खळग्यात पुट्टी. आधी जागा लखलखीत लोखंडापर्यंत घासा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पुट्टी हातातच दगड होते, हार्डनर नेहमीपेक्षा कमी घाला आणि चमचाभरच कालवा. २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडी गुटक्यावर गुंडाळून, नुसत्या बोटाने घासलं तर मध्ये खळगा पडतो. मग प्रायमर, मग रंग. पहाटे करा. दुपारच्या गरम वाऱ्यात फवारा दांड्यावर पोचायच्या आधीच सुकतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळी दिवसांत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढरट पडतो, तेव्हाही थांबा.

पावडर कोटिंगची हौस असेल तर पुट्टी विसरा. भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, साधी पुट्टी त्यात फुगते आणि पकड सोडते. शिवाय पावडर विजेच्या भाराने धातूवर बसते, पुट्टीवर नीट धरत नाही. एक तर पोच्यासकट पावडर करा, नाहीतर पुट्टी भरून साधा रंग द्या. माझं मत विचाराल तर वडिलांच्या सायकलचा पोचा असाच ठेवून रंग दिला असता. पण सायकल तुमची आहे.

जाता जाता: रंग झाल्यावर कॅनचा आकडा जिथे टेकतो, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि पावसाळ्याआधी तो काढून खाली पुसा, आत पाणी साचून गंज धरतो. दुरुस्तीला फ्रेम धरायची असेल तर सीटच्या दांडीला धरायला सांगा, दांड्याला ठोकळ्याशिवाय थेट शिकंजा लावू देऊ नका. आणि हँडलखालचा तो फोटो टाका, बघून सांगतो.