घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस कुठला घालू म्हणणाऱ्यांसाठी

भावा, आधी पैसे घालवायची घाई करू नकोस. विंडोज 11 असेल तर त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकटच येतंय आणि घरच्या वापराला ते पुरतंय की, फक्त रिअल टाइम प्रोटेक्शन (म्हणजे सतत चालणारी तपासणी) चालू हाय काय बघ आणि अपडेट अडवू नकोस. विंडोज 10 असेल तर मात्र त्याचा नेहमीचा फ्री सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, मशीन झेपत असेल तर 11 वर जा, नुसता अँटीव्हायरस घालून विंडोजमधली सुरक्षेची भोकं बुजत नाहीत.

आपल्याकडं खरा धोका पेन ड्राइव्हचा. खानापूर म्हण, निपाणी म्हण, उताऱ्याची नाहीतर आधारची प्रिंट काढायला आपण झेरॉक्सच्या दुकानात ड्राइव्ह देतो, त्या मशीनला दिवसभर कुणाकुणाचे ड्राइव्ह लागतात आणि तोच आणून आपण घरी लावतो. उघडायच्या आधी राइट क्लिक करून स्कॅन करच, आणि फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर अजिबात क्लिक करू नकोस.

विकतच घ्यायचा असेल तर पुण्याचं क्विक हील हाय, बाकीचेपण हायत, पण आधी एव्ही-टेस्ट नाहीतर एव्ही-कंपॅरेटिव्हज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे निकाल बघ आणि दुसऱ्या वर्षीचं रिन्युअल किती ते विचारून घे. दोन एकदम घालू नकोस, मशीन स्लो होतंय. क्रॅकवाला (चोरीचा) तर नकोच, त्यातनंच व्हायरस येतोय. आणि फोटो, कागदपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ती काढून ठेव, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर तेवढंच वाचतंय बघ.